पहिली फुल मॅरेथॉन: लाँग रन किती लांब करावा? सल्ला हवा आहे

पहाटपाय
मंडळी, हाफ (२१ किलोमीटर) सव्वादोन तासांत झाली. आता साधारण पाच महिन्यांनी पहिली फुल (४२ किलोमीटर) धावायची आहे. नोकरी सांभाळून आठवड्यातून चार दिवस मिळतात, एकूण तिसेक किलोमीटर होतात. हाफची वेळ दुप्पट करून साडेचार तासांचं लक्ष्य ठेवलंय. सरावात एकदा तरी पूर्ण ४२ धावून बघावं का? आणि लांब धावलं की दुसऱ्या दिवशी नडग्या दुखतात, त्याचं काय करायचं? तयार वेळापत्रकं वाचून डोकं फिरलंय.

डांबरीवाट
४२ अजिबात नको. त्यातून सावरण्यातच दोन-तीन आठवडे जातील. ३२ पर्यंत मात्र जा, आणि एकदा नव्हे, दोनदा. तिशीच्या पुढे पाय कसे होतात हे शर्यतीआधी कळलेलं बरं.

निवांतगती
३२ च्या आकड्याशी असहमत. वेगवान धावणाऱ्याचे ३२ अडीच तासांत उरकतात. तुम्ही लाँग रन सव्वासातच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सव्वासात मिनिटं, केलात (आणि तेवढाच हळू करायला हवा, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे) तर त्याच अंतराला पावणेचार तासांच्या वर लागतील. इतक्या उशिरापर्यंत पाय ओढून पदरात फारसं काही पडत नाही, दुखापत तेवढी जवळ येते. सव्वातीन तास झाले की थांबा, मग २७ झालेले असोत नाहीतर २९.

खरी मेख रविवारच्या लाँग रनमध्ये नाहीच, आठवड्याच्या मध्ये आहे. आठवड्याचे ४० आणि त्यातले २८ एकट्या रविवारी, असं करणारे बरेच असतात. मग नडग्या दुखणारच. बुधवार-गुरुवारी १२ ते १५ किलोमीटरचा एक निवांत रन घाला आणि हळूहळू आठवडा पन्नाशीकडे न्या. तीन आठवडे वाढवा, चौथ्यात पावभाग कमी करा. स्पीड वर्क (वेगाचा सराव) आठवड्यात एकदाच, तेही पाय ताजे असतील तर.

आता लक्ष्य. साडेचार तास म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद, म्हणजे हाफचाच पेस दुप्पट अंतर टिकवायचा! तसं होत नाही. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारं पीट रीगल यांचं सूत्र (अंतराच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात) लावलं तर ४ तास ४१ मिनिटं येतात, आणि तेही फुलचा सराव पुरेसा झाला असं धरून. पहिल्या वेळी सातच्या पेसने निघा, पाच तासांच्या आत पोचाल. ३२ नंतर अंगात जोर उरलाच तर वाढवा.

डांबरीवाट
वेळेचा मुद्दा मान्य. पण ज्यांना मनाची धास्ती असते त्यांनी एकदा तिशी ओलांडावी, या मतावर मी ठाम आहे. शेवटचा लाँग रन मात्र शर्यतीच्या तीन आठवडे आधी. नंतर टेपर: अंतर कमी करा, धावायचे दिवस तेच ठेवा. टेपरमध्ये पाय जड वाटतात, नसलेली दुखणी सुचतात. घाबरून जास्त धावू नका.

पोटरीपुराण
नडग्यांबद्दल. आतल्या कडेने लांबट पट्ट्यात दुखत असेल आणि धावताना अंग तापल्यावर कमी होत असेल तर अंतर कमी करा, पोटऱ्यांचा व्यायाम करा: पायरीच्या कडेवर टाचा उचलणं, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही प्रकारे. पण एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, चालताना किंवा रात्रीही ठणकत असेल, तर धावणं बंद आणि सरळ डॉक्टर. तो स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर) असू शकतो. वेदनाशामक गोळी घेऊन शर्यत धावायचा विचारही नको. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या त्या ताणात मूत्रपिंडाला जड जातात.

पहाटपाय
सर्वांचे आभार. लक्ष्य पाच तासांवर आणलं. जेल (धावताना खायचं कर्बोदकांचं पाकीट) कधी सुरू करायचं? हाफला काहीच घेतलं नव्हतं.

निवांतगती
हाफ तशीही निभते, फुल नाही. स्नायू आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं, म्हणजे सुमारे २००० किलोकॅलरी. धावताना वजनाच्या दर किलोमागे किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते, म्हणजे ७० किलोच्या माणसाला फुलसाठी जवळपास ३०००. चरबी मदतीला येते, पण ती ऊर्जा संथ. ‘भिंत’ लागते (अचानक अंगातला जोर संपतो) ती इथे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. जेलमध्ये बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात, तेव्हा पहिलं अर्ध्या तासाने आणि पुढे दर ३०-४० मिनिटांनी, पाण्याबरोबर. दमल्यावर घेऊन उपयोग नाही. शर्यतीत घेणार तेच जेल लाँग रनला घ्या, पोटालाही सराव लागतो.

पाणी तहानेप्रमाणे. पाच तास धावणाऱ्याला पाणी कमी पडण्याइतकाच ते जास्त होण्याचा धोका असतो, कारण जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्के लोकांत सोडियम कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांना हा धोका जास्त होता.

पोटरीपुराण
आणि बूट शर्यतीसाठी नवे काढू नका. महिनाभर आधी घ्या, दोन लाँग रन त्यातच करा, पुढे अंगठाभर जागा हवी. नखं आठवडाभर आधी कापा, आदल्या रात्री नको.