शीत संलयनाच्या संशोधनाकडे खरोखरच दुर्लक्ष झाले का?

प्रश्न (जिज्ञासू वाचक):
जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचे जड रूप, ड्युटेरियम, असते) पॅलेडियम या धातूचा ऋणाग्र बुडवून त्यातून वीज सोडल्यास टेबलावर मावेल एवढ्या काचपात्रात अणुकेंद्रकांचे संलयन, म्हणजे एकमेकांत मिसळणे, घडते आणि दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता मिळते, असा ‘शीत संलयना’चा दावा युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी १९८९ साली केला. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्याच वर्षी हे प्रयोग झाले, असे वाचनात आले. एवढ्या महत्त्वाच्या विषयावर आज वर्तमानपत्रांत अवाक्षरही येत नाही आणि शास्त्रज्ञही बोलायला तयार नसतात, तेव्हा कुठेतरी पाणी मुरते आहे अशी शंका येते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (भौतिकशास्त्राचा निवृत्त अध्यापक):
आपले गृहीतकच मला मान्य नाही. २३ मार्च १९८९ रोजी सॉल्ट लेक सिटीत पत्रकार परिषद झाली, तेव्हा शोधनिबंध प्रसिद्धही झालेला नव्हता. म्हणजे या विषयाकडे प्रसारमाध्यमे बहुतेक शास्त्रज्ञांच्या आधी पोहोचली होती. पुढच्या काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी, हाती आली तेवढी माहिती आणि मिळेल तेवढे पॅलेडियम जमवून, तीच मांडणी करून पाहिली. युटा राज्याने तर ५० लाख डॉलर मंजूर केले. एवढे लक्ष फार थोड्या प्रयोगांच्या वाट्याला येते.

अडचण न्यूट्रॉनची होती. ड्युटेरियमची दोन केंद्रके एकत्र आली की साधारण निम्म्या वेळा हेलियम-३ आणि न्यूट्रॉन, तर उरलेल्या वेळा ट्रिटियम (हायड्रोजनचे आणखी जड, किरणोत्सारी रूप) आणि प्रोटॉन निर्माण होतात. या मार्गाने अवघी एक वॅट उष्णता मिळवायची म्हटली तरी दर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत, आणि तसे झाले असते तर पात्राजवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांची धडगत नव्हती. ते विद्यार्थी ठणठणीत होते. मग जास्तीची उष्णता आली कुठून? मी अनेक वर्षे मुलांकडून तांब्याच्या उष्णतामापीवर प्रयोग करून घेतले आहेत. ढवळणी फिरवायला मुलगा विसरला की तापमापी कुठे धरली आहे यावर उत्तर बदलते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे नेथन लुइस यांनी मे १९८९ मध्ये बाल्टिमोरच्या सभेत जे आक्षेप घेतले, त्यांत द्रव नीट ढवळला न जाण्याचा हा मुद्दाही होता.

उत्तर २ (विद्युतरसायनाची अभ्यासक):
सरांचा हिशेब बरोबर आहे, पण गोष्ट १९८९ मध्ये संपली नाही आणि पुढच्या भागात प्रश्नकर्त्यांच्या शंकेला थोडा आधार सापडतो. तुर्भ्यात तत्कालीन संचालक पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने अनेक गटांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले आणि ट्रिटियम व न्यूट्रॉन आढळल्याचा अहवाल दिला. त्यात ट्रिटियम न्यूट्रॉनपेक्षा कितीतरी पटींनी अधिक होते, आणि ते वर दिलेल्या निम्म्या-निम्म्या वाटणीत बसत नव्हते. टीकाकारांना ही मोजमापातली गफलत वाटली, तर समर्थकांना नव्या प्रक्रियेची चाहूल.

मात्र एकदा हात पोळल्यावर नियतकालिकांनी असे निबंध छाननीला पाठवणेच कमी केले, मार्गदर्शकांनी तरुणांना या वाटेला न जाण्याचा सल्ला दिला, आणि जे उरले ते आपल्याच परिषदांत एकमेकांना निबंध वाचून दाखवू लागले. हे कारस्थान नव्हे. पण निकोपही नव्हे, कारण ज्यांच्या चुका काढायला बाहेरचा कोणी येत नाही त्यांच्या चुका तशाच राहतात. बेंगळुरूच्या ‘करंट सायन्स’ने २०१५ मध्ये या विषयाला विशेष विभाग दिला, हा ठळक अपवाद. त्याच वर्षी गूगलच्या पैशांतून काही विद्यापीठांनी नव्याने तपास सुरू केला आणि २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापला की शीत संलयनाचा पुरावा मिळाला नाही. २०२५ मध्ये त्याच नियतकालिकात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने, पॅलेडियममध्ये विजेच्या साहाय्याने ड्युटेरियम भरल्यास संलयनाचा वेग सरासरी १५ टक्क्यांनी वाढतो, असे दाखवले. तिथे केंद्रके वेगाने आदळवली जातात, न्यूट्रॉन मोजले जातात आणि खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या तुलनेत मिळणारी ऊर्जा नगण्य आहे. म्हणून त्याला शीत संलयन म्हणू नये.

जिज्ञासू वाचक:
दोघांचेही आभार. एक बाळबोध शंका उरते: जड पाण्याऐवजी ड्युटेरियम जवळपास नसलेले साधे पाणी घालून तोच प्रयोग करून पाहिला असता, तर वाद तिथेच मिटला नसता का?

निवृत्त अध्यापक:
शंका बाळबोध मुळीच नाही. एप्रिल १९८९ मध्ये डॅलसला अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत, हजारो रसायनशास्त्रज्ञांच्या देखत, पॉन्स यांना हाच प्रश्न विचारला गेला होता. त्यांना त्याचे सरळ उत्तर देता आले नाही.