टेरीकॉटचा कुर्ता घरी गडद रंगवता येईल का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): माझ्या पांढऱ्या कुर्त्याच्या लेबलावर ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के कापूस असे लिहिले आहे. निळ्या रंगाची पुडी मीठ घालून उकळत्या पाण्यात वापरली, तरी दोन धुण्यांनंतर तो फिकट आकाशी झाला असून शिवण पांढरीच राहिली आहे. माझे काय चुकले असावे?

उत्तर (वाशी): आपले फारसे काही चुकलेले नाही. मिठाबरोबर वापरायचे रंग बहुधा फक्त कापसाच्या धाग्यावर चढतात, त्यामुळे आपल्या कुर्त्याचा जेमतेम एक तृतीयांश भागच रंगला. पॉलिएस्टरला डिस्पर्स जातीचा रंग लागतो. कारखान्यात तो दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसला चढवतात आणि आपल्या शेगडीवरचे पाणी १०० अंशांपुढे जात नाही. सतत उकळत ठेवल्यास घरीही थोडी छटा येते, पण गर्द निळ्याची आशा मी तरी धरणार नाही. कापसाचा भाग पक्का हवा असल्यास धुण्याच्या सोड्यासह रिअॅक्टिव्ह रंग वापरावा. तो साध्या तापमानाच्या पाण्यातही धाग्याशी जोडला जातो.

उत्तर (ऐरोली): शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असल्याने ती पांढरीच राहणार. लेबल नसलेल्या कपड्याचा सुटा धागा चिमट्यात धरून जाळावा: कापसाची मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून टणक मणी बनतो. रंगाचे पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. आमच्या घरी यावरूनच महाभारत घडले होते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आकाशी कुर्ताच वापरेन.