आईच्या फोनमधल्या परवानग्या
परवानग्या नाकारल्या की अ‍ॅप चालतच नाही, हे म्हणणं मला पूर्ण पटत नाही. गेल्या रविवारी कोथरूडला आईच्या फोनची सेटिंग्ज उघडून बसलो. साध्या टॉर्चच्या अ‍ॅपला तिचे सगळे कॉन्टॅक्ट्स हवे होते! लगेच काढून टाकलं. टॉर्च फोनमध्ये असतोच. रिक्षाच्या अ‍ॅपला लोकेशन लागतं, पण 'फक्त अ‍ॅप वापरताना' एवढंच दिलं. हवामानाला तर अंदाजे ठिकाण पुरतं, ती सोय अँड्रॉइड १२ पासून आहे.

आईचे कॉन्टॅक्ट्स म्हणजे आमच्या अख्ख्या गोतावळ्याचे नंबर, आणि त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. मला हेच जास्त खुपतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच सांगितलंय. लक्ष्मी रोडवर बिल करताना मोबाइल नंबर मागतात, तिथेही मी आता नाही म्हणतो. बिल मिळतं.