विषय: आई-बाबा घरी एकटे असताना टोर्नॅडोचा भोंगा वाजला तर?

प्रेषक: अनघा, नॉर्थ डॅलस

नमस्कार मंडळी,

आई-बाबा नुकतेच पुण्याहून आलेत. काल महिन्याचा पहिला बुधवार, त्यामुळे दुपारी बाराला भोंग्याची चाचणी झाली. मी ऑफिसात. बाबा काय झालं ते बघायला थेट गॅलरीत गेले, आई देवापुढे बसून राहिली. खरा भोंगा असता तरी त्यांनी हेच केलं असतं, या विचाराने रात्री झोप लागली नाही. आमचं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर आहे, तळघर नाही. त्यांनी जायचं कुठे?

---

प्रेषक: मिलिंद, गार्लंड

अनघा, बरं झालं विचारलंस. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आई-वडील मार्च-एप्रिलमध्ये येतात आणि उत्तर टेक्सासात टोर्नॅडोचा जोरही एप्रिल-मेमध्येच असतो.

तळघर इथे फारसं कुणाकडेच नसतं. डॅलसखालची जमीन आपल्या विदर्भातल्या कपाशीच्या काळ्या मातीसारखीच: पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यात तळघर टिकवणं महागात पडतं. म्हणून तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आजच बोलून ठेव. सगळ्यात खालचा मजला, खिडकी नसलेली आतली खोली, एवढं लक्षात ठेवायचं. लिफ्ट नको. खाली जायला वेळ नसेल तर तुमच्याच आतल्या बाथरूममध्ये टबात बसायचं, अंगावर जाड रजया, डोक्याला सायकलचं हेल्मेट. पायात बूट हवेतच. नंतर काचा आणि खिळ्यांतून बाहेर पडावं लागतं. बीपीच्या गोळ्या आणि चष्मे एका पिशवीत तयार ठेव. हे नुसतं सांगून भागत नाही, दोघांना घेऊन एकदा जिना उतरून बघ. गुडघेदुखी असेल तर किती वेळ लागतो तेही कळेल.

भोंगा मुळात घराबाहेर असलेल्यांसाठी असतो. एसी आणि टीव्ही चालू असताना तो ऐकू येईलच असं नाही. त्यांच्या भारतातल्या फोनवर इशारा येईल असं धरून चालू नकोस. वेदर रेडिओ, म्हणजे हवामानाचे इशारे मोठ्याने देणारा रेडिओ, आणून ठेव. ओक्लाहोमातल्या नॉर्मनहून ‘वॉच’ निघतो, म्हणजे पुढचे काही तास हवा टोर्नॅडोला अनुकूल आहे. तेव्हाच घरी फोन करून सगळं मराठीत समजावून सांग. फोर्ट वर्थच्या हवामान कार्यालयाची ‘वॉर्निंग’ आली, म्हणजे रडारवर ढगात फिरकी दिसली आहे किंवा कुणी टोर्नॅडो प्रत्यक्ष पाहिला आहे. मग त्यांनी तुझ्या फोनची वाट न बघता निघायचं.

बाबांना सांग, बघून ठरवू असं इथे चालत नाही. टोर्नॅडो पावसाआड असतो, अंधारात असतो. 20 ऑक्टोबर 2019 चा रात्री नऊच्या सुमारास आला, वारा ताशी 140 मैल. तुमच्याच भागातून रिचर्डसनपर्यंत गेला. घरं पडली, पण सुदैवाने एकही जीव गेला नाही.

आता सगळ्यात कळकळीचं. वॉर्निंग आल्यावर त्यांना आणायला गाडी काढू नकोस. मन मानणार नाही, मला माहीत आहे. पण 26 डिसेंबर 2015 ला आमच्या गार्लंड-रोलेट भागातल्या टोर्नॅडोत दहा जण गेले, त्यातले बहुतेक आय-30 आणि जॉर्ज बुश टर्नपाइक या महामार्गांच्या परिसरात गाड्यांमध्ये होते. पुलाखाली थांबणंही घातक. तिथे वारा आणखी जोरात घुसतो आणि सोबत उडणारे पत्रे-लाकडं घेऊन येतो. तू ऑफिसातच आडोसा घे. ते दोघं तुझ्याविना खाली पोचतील अशी तयारी आजच करून घे.

---

प्रेषक: शुभदा, कार्यक्रम समिती

मिलिंददादा, तुमची मेल वाचल्यावर पाडव्याच्या कार्यक्रमाचं मनात आलं. शाळेचा हॉल मोठा आहे, मध्ये खांब नाहीत. अशी रुंद छपरं या वाऱ्यात आधी जातात. 2019 मध्ये थॉमस जेफरसन हायस्कूलचं केवढं नुकसान झालं ते आठवतंय. रविवारची रात्र म्हणून शाळा रिकामी होती. आपण तर शनिवारी संध्याकाळी मुलाबाळांसह भरलेल्या हॉलमध्ये असणार.

दोन स्वयंसेवकांनी कार्यक्रमभर फक्त हवामानावर लक्ष ठेवावं असं मला वाटतं. वॉर्निंग आली की नाटक कितीही रंगलेलं असो, पडदा पाडायचा आणि सगळ्यांना आतल्या कॉरिडॉरमध्ये न्यायचं. कुणी पार्किंगकडे धावणार नाही हे सुरुवातीलाच माइकवरून सांगू.

येत्या शनिवारी दुपारी हॉल बघायला जातोय. व्हीलचेअरवरच्या आजी-आजोबांना कुठल्या दाराने न्यायचं आणि कॉरिडॉरमध्ये किती माणसं मावतात, ते तिथे उभं राहूनच कळेल. अनघा, जमलं तर आई-बाबांना घेऊन ये. आणखी कोण येतंय?