पैसे घेतले तर घेतले, पण सांगा तरी

"वस्तू चांगली असेल तर सुचवणाऱ्याने कमिशन घेतलं म्हणून काय बिघडलं?" असं कुणीतरी विचारलंय. बिघडतं ते असं.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ताईंनी पाण्याचा आरओवाला, म्हणजे विरघळलेले क्षारही काढून टाकणारा, फिल्टर सुचवला. आम्ही सहा घरांनी घेतला. दर विक्रीमागे त्यांना पैसे मिळत होते, हे खूप नंतर कळलं. फिल्टरमध्ये खोट नव्हती. पण आमच्याकडे पालिकेचं पाणी येतं, त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चालतो, म्हणजे आरओची गरजच नव्हती, आणि वर आरओ गाळताना रोज बादलीभर पाणी वाया. "आधी टीडीएस मोजून घ्या" एवढं वाक्य त्यांनी एरवी नक्की सांगितलं असतं. कमिशनने ते वाक्य खाल्लं. आता त्या ग्रुपवर कुणी मनापासून डॉक्टर जरी सुचवला, तरी आधी शंकाच येते. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

नियम आहेत. केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्याने पैसेच नव्हे, फुकट मिळालेली वस्तू किंवा सवलतही ठळकपणे सांगायची असते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण शेजारच्या ताईंवर कोण तक्रार करणार? म्हणून मी आता सरळ विचारते, "तुम्हाला यातून काही मिळतं का?" पहिल्यांदा अवघड वाटतं, पण विचारा.