मदत हवी आहे: व्हीपीएनसाठी मुलवाड की प्रोटॉन?

घरच्या ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) राउटरवर वायरगार्ड (व्हीपीएन जोडणीचा प्रोटोकॉल) चालवायचंय. मुलवाड घ्यावं की पैसे भरून प्रोटॉन, इथे अडलंय.

मुलवाडचा हिशेब सरळ: महिन्याला ५ युरो, वर्षाचे एकदम भरले तरी सूट नाही. ईमेल नको, फक्त १६ आकडी खाते क्रमांक. (तो नीट लिहून ठेवा.) मुलवाडला ५ डिव्हाइस, प्रोटॉनला १०, पण अख्खा राउटर एकच मोजला जातो, त्यामुळे हा फरक गौण.

खरी गोम पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी घरातल्या यंत्रापर्यंत पोचवण्याची. कनेक्शन सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी), त्यामुळे बाहेरून घरच्या नासपर्यंत (नेटवर्कवरचं फाइल साठवणीचं यंत्र) पोचता येत नाही. मुलवाडने ही सोय २०२३ मध्येच काढली. प्रोटॉन देतं, पण नॅट-पीएमपीने (पोर्ट आपोआप मागण्याचा प्रोटोकॉल): पोर्ट ६० सेकंदांपुरता, म्हणून दर ४५ सेकंदांनी विनंती परत पाठवायची. टनेल (व्हीपीएनची जोडणी) तुटून पुन्हा जोडला की पोर्टचा नंबर बदलू शकतो आणि राउटरवरचा जुना फायरवॉल नियम कुचकामी.

बदललेला पोर्ट नियमात आपोआप भरणारी स्क्रिप्ट कुणी राउटरवरच चालवतंय का? की मुलवाड घेऊन नाससाठी वेगळा छोटा व्हीपीएस (सार्वजनिक आयपी असलेला भाड्याचा सर्व्हर) बरा? माहितीसाठी: लाइन पीपीपीओई (ब्रॉडबँडला लॉगिनने जोडायची पद्धत) आहे, म्हणून एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४१२ ठेवलाय.