दिवाळीत न्यूरोलॉजिस्ट गावाला गेले तर स्ट्रोकच्या पेशंटचं काय?

कोथरूडची_लेक:
बाबांना मागच्या महिन्यात मिनी स्ट्रोक येऊन गेला, अर्धा तास उजवा हात उचलेना, मग आपोआप बरं झालं. आता गोळ्या चालू आहेत. परवा फॉलोअपला गेलो तर कळलं की डॉक्टर दिवाळीत आठवडाभर नाहीत, आणि जानेवारीत कुठल्याशा कॉन्फरन्सला जाणार. समजा तेव्हाच मोठा स्ट्रोक आला तर? रिसेप्शनवर विचारलं तर "पेशंट घेऊन या, मग बघू". असं असतं का कुठे? मोठे डॉक्टर नसताना खरंच ट्रीटमेंटमध्ये फरक पडतो का, कोणाला अनुभव आहे का?

रात्रपाळीचा_आरएमओ:
ताई, डॉक्टर गावात आहेत का यापेक्षा ते नसताना निर्णय कोण घेतं हे विचारा. पहिल्या तासातलं बरंचसं काम न्यूरोलॉजिस्ट स्वतः करतच नाही हो. शुगर बघायची, बीपी बघायचं, सीटी काढून रक्तस्राव नाही ना ते बघायचं, हे सगळं कॅज्युअल्टीत होतं. रक्तस्राव नसेल तर मेंदूच्या नसेत अडकलेली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. बीपी १८५/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणावं लागतं. आता घोळ कुठे होतो सांगतो. सुट्टीच्या दिवशी सीटीचा टेक्निशियन घरून येणार, इंजेक्शन बाहेरच्या मेडिकलमधून आणायला सांगणार, आणि "द्या" म्हणणारं कोणी नाही म्हणून ज्युनिअर फोन लावत बसणार. इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे एकट्या ज्युनिअरचा हात थरथरतोच, त्याला दोष देऊ नका. जिथे फोनवर स्कॅन बघून ऑर्डर देणारा माणूस ठरलेला आहे तिथे डॉक्टर लोणावळ्यात असले काय आणि लंडनला असले काय.

पेठी_शंकासुर:
उलट एक गंमत वाचा. अमेरिकेत हार्टच्या डॉक्टरांची मोठी अधिवेशनं चालू असताना टीचिंग हॉस्पिटलमधे काय होतं ते तपासलं होतं, २०१४ च्या शेवटी जामा इंटर्नल मेडिसिन या मेडिकल जर्नलमधे आलंय. हार्ट फेल्युअरच्या जास्त धोक्याच्या पेशंटमधे ३० दिवसांतले मृत्यू एरवी २४.८ टक्के आणि अधिवेशनाच्या दिवसांत १७.५! म्हणजे साहेब लोक नसलेलेच बरे 😄

रात्रपाळीचा_आरएमओ:
शंकासुर, तो अभ्यास खरा आहे पण हार्टचा आहे, आणि असं का झालं ते त्यातून सिद्ध झालेलं नाही. स्ट्रोकला तो लावू नका, इथे काहीच न करता वेळ घालवणं हाच मोठा धोका. लंडनने २०१० मधे काय केलं बघा, ताजा स्ट्रोक असेल तर जवळचं हॉस्पिटल सोडून थेट ठरवलेल्या आठ सेंटरपैकी एकात न्यायचं, चोवीस तास तयार असलेल्या. त्यानंतर मृत्यू कमी झाले. आपल्याकडे ती निवड नातेवाइकांनाच करावी लागते, तीही रात्री दोन वाजता.

सिंहगडरोडवाली:
सासूबाईंच्या वेळी हेच झालं. रविवार होता, जवळच्या ठिकाणी नेलं, तिथे सीटी बंद, मग दुसरीकडे, त्यात डिपॉझिटच्या लाइनीत नवरा उभा. ताई, एक मात्र कराच, शेवटचे ठणठणीत कधी होते ती वेळ सांगता आली पाहिजे. सासूबाई झोपेतून उठल्या त्याच तोंड वाकडं घेऊन, त्यामुळे घड्याळ आदल्या रात्रीपासून धरलं आणि इंजेक्शनची वेळ गेली. आणि शेजारच्या काकांनी सुचवली म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, पाणीसुद्धा पाजू नका, गिळता येत नसेल तर फुफ्फुसात जातं.

रात्रपाळीचा_आरएमओ:
झोपेतल्या केसमधे आता काही ठिकाणी एमआरआय वगैरे बघून ठरवतात, आणि मोठी नस बंद असेल तर तारेने गाठ काढायची प्रोसिजर निवडक पेशंटमधे २४ तासांपर्यंत होते. म्हणून वेळ गेली असं घरीच ठरवू नका. पण त्याला कॅथलॅब (नसेत तार घालून काम करायची खोली) आणि ती टीम लागते, सगळीकडे नसते.

कोथरूडची_लेक:
थँक्यू सगळ्यांना. आज रिसेप्शनचा नाद सोडून थेट कॅज्युअल्टीत जाऊन सिस्टरांना विचारलं. सीटी रात्री चालू असतं, इंजेक्शन तिथेच फ्रीजमधे असतं, दिवाळीत दुसरे डॉक्टर फोनवर आहेत. पण गाठ काढायची टीम नाही, ती केस नदीपलीकडे पाठवतात म्हणे. मग इथे इंजेक्शन घेऊन पुढे जायचं की सरळ तिकडेच? आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पौड रोडवर १०८ ला यायला साधारण किती वेळ लागतो, कोणी बोलावली आहे का?